मॅशचं तापमान ६६ अंशांवर कसं टिकवायचं: माल्टची काकवी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एका वर्षी जानेवारीत आणि पुन्हा मे महिन्यात मी अगदी एकाच मापाने माल्टची काकवी केली. एक किलो माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेला जव), तीन लिटर पाणी, पाणी ७३ अंशांवर आलं की त्यात धान्य. जानेवारीची काकवी मधासारखी गोड झाली. मेमधली दिसायला दाट, पण गोडी कमी. धान्य तेच, भांडं तेच, वेळही तेवढाच. फरक होता तो डब्यातल्या धान्याच्या उबेचा. जानेवारीत इंदूरच्या थंडीत ते धान्य १६ अंशांवर होतं, आणि मेमध्ये गच्चीलगतच्या खोलीत ३८ वर. तेवढ्यानेच मिश्रण तीन अंशांनी वर जाऊन बसलं.

ही गोष्ट मला माझ्या भाच्याने समजावून सांगितली. तो इंग्लंडमध्ये असतो आणि घरी बिअर करतो. तिथे स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे तसं नाही. मध्य प्रदेशाचा आबकारी कायदा १९१५ सालचा आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणून या लेखात यीस्ट कुठेच नाही. पण बिअरची पहिली पायरी आणि माल्टच्या काकवीची पहिली पायरी एकच असते: मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात ठरावीक उबेला तासभर ठेवायचं, म्हणजे धान्यातल्या स्टार्चची साखर होते. या मिश्रणाला मॅश म्हणतात. बिअर करणारे त्यापुढे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळतात आणि आंबवतात. आपण ते गोड पाणी गाळून आटवतो आणि थांबतो. दुधात, भाकरीबरोबर, घरच्या पावात ही काकवी फार छान लागते, आणि तिची चव उसाच्या काकवीहून अगदी वेगळी असते.

दोन्हीकडे सगळा खेळ तापमानाचा आहे. इंदूरच्या रामबागेत ओळखीच्या चार-पाच घरांत मी ही काकवी शिकवली. बहुतेकांची चूक एकच होते, म्हणून तीच आधी सांगते. मॅश गॅसवर ठेवून, आच कमी-जास्त करत तापमान सांभाळायला जाऊ नका. तापमान ठरतं ते पाणी आणि धान्य एकत्र येतात त्या क्षणी. त्यानंतर आपलं काम फक्त ते राखण्याचं.

६६ अंशच का

मोड आलेल्या जवात दोन एन्झाइम तयार असतात, आणि स्टार्च तोडण्याचं काम त्यांचं. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज या साखरेचे तुकडे पाडत जातं. गोडी प्रामुख्याने त्याचीच. त्याला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतात, ७० च्या पुढे ते झपाट्याने निकामी होतं. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच तोडतं. ते ७० च्या आसपास जोमात असतं आणि ७७-८० च्या पुढे तेही संपतं. दोघांनी मिळून काम करायला हवं असेल, तर ६५-६६ ही मधली जागा. याखाली एक अडचण असते: जवाचा स्टार्च फुगून मोकळा होतो तो ६० च्या सुमारास. त्याच्या खूप खाली राहिलं, तर एन्झाइम हजर असूनही त्यांच्या हाती स्टार्च लागत नाही.

बिअर करणारे याच दोन-चार अंशांत चव ठरवतात. ६३-६४ वर ठेवलं की जास्त आंबणारी साखर, कोरडी हलकी बिअर. ६९ वर ठेवलं की न आंबणारे डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे, जास्त, म्हणून तोंडात भरीव लागणारी बिअर. माझी मेमधली काकवी दाट असूनही कमी गोड का लागली, त्याचं उत्तर हेच.

माल्टमधला स्टार्च तोडणारा हा पदार्थ १८३३ मध्ये आन्सेल्म पायेन आणि जां-फ्रांस्वा पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळा काढला. वेगळं काढलेलं ते पहिलं एन्झाइम. मला हे फार सुंदर वाटतं: एन्झाइम या विषयाची सुरुवात मोड आलेल्या जवातून झाली.

धान्य: एकच सावधगिरी

जव सालासकट हवा. वाण्याकडे बार्ली म्हणून पांढरे गुळगुळीत दाणे मिळतात, ते पॉलिश केलेले असतात, त्यांना मोड येत नाहीत. सियागंजात किंवा छावनीच्या धान्यबाजारात 'साबूत जौ' मागा. घटस्थापनेला पेरतो तोच. मात्र पेरणीसाठी विकलेलं बियाणं घेऊ नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असू शकतं. खाण्याचंच धान्य घ्या.

रात्रभर भिजवा, मध्ये एकदा पाणी काढून दोन-तीन तास हवा लागू द्या, पुन्हा भिजवा. मग ओल्या पंचात चार-पाच दिवस मोड येऊ द्या, रोज दोनदा पाणी शिंपडून हलवा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करावं. उन्हाळ्यात आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. सालीच्या आत कोंब दाण्याएवढा लांब झाला की मोड पुरेसे. मग पंख्याखाली, नंतर उन्हात कडकडीत वाळवा आणि मुळं चोळून पाखडून टाका.

आता सावधगिरी. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आलेली नाचणी खमंग भाजतो. हात सवयीने तसाच चालतो. माल्ट भाजायचा नाही. भाजला की एन्झाइम मेले, मग तापमान कितीही अचूक ठेवा, साखर होणार नाही. माझ्या शेजारच्या वहिनींचं पहिलं एक किलो असंच गेलं, आणि त्या बिचाऱ्या दोन तास थर्मामीटर धरून बसल्या होत्या.

वाळलेला माल्ट मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. लापशीच्या रव्याएवढी भरड हवी, पीठ नको. साल शक्य तितकी अखंड राहू द्या, गाळताना तीच चाळणीचं काम करते. गव्हाचाही माल्ट होतो, एन्झाइम भरपूर असतात, पण साल नसल्याने गाळताना जीव काढतो. पहिल्यांदा जवच घ्या. ज्वारी आणि नाचणी यांचा स्टार्च बऱ्याच जास्त उष्णतेला मोकळा होतो आणि त्यांच्यात बीटा-अमायलेजही कमी असतं, त्यामुळे त्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही.

थर्मामीटर आधी तपासा

तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२ च्या आसपास संपतो. स्वयंपाकाचा, टोचायच्या काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. काचेचा पाऱ्याचा स्वयंपाकघरात नकोच.

आणल्या आणल्या दोन परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पेल्यात घालून ढवळा: शून्य दाखवायला हवं. मग खळखळ उकळत्या पाण्यात धरा. इथे इंदूरकरांनी एक लक्षात ठेवायचं: आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहोत, इथे पाणी १०० ला नाही, साधारण ९८ ला उकळतं. ९८ दाखवलं तर थर्मामीटर बरोबर आहे. दोन्हीकडे सारखाच दीड अंश फरक येत असेल तर तो चिकटपट्टीवर लिहून थर्मामीटरला लावून ठेवा आणि दर वेळी हिशेबात धरा.

भांडं

एक किलोच्या मॅशला पाच-सहा लिटरचं भांडं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे पोळ्या ठेवायचा मोठा हॉटकेस, आतून स्टीलचा, घट्ट झाकणाचा. सहलीला पाणी नेतो तो जाड जगही चालतो. यातलं काही नसेल तर जाड बुडाचा कुकर, शिट्टीशिवाय झाकण लावून, दोन गोधड्यांत गुंडाळायचा. दही विरजताना आपण थंडीत भांडं गुंडाळतो, तसंच, फक्त जरा जास्त मनापासून. खालून गोधडीची घडी जरूर ठेवा. फरशी, त्यातून ओट्याचा ग्रॅनाइट, उष्णता भराभर ओढून घेतो.

मॅश जितका थोडा, तितका लवकर निवतो. म्हणून अर्धा किलोवर 'ट्रायल' घेऊ नका. एक किलोपेक्षा अर्धा किलो सांभाळणं अवघड असतं.

इलेक्ट्रिक राइस कुकरच्या 'वॉर्म' बटणावर बरेच जण भरवसा टाकतात. प्रत्येक कुकरचं वॉर्म वेगळं असतं. आधी तीन लिटर साधं पाणी तासभर ठेवून मोजा. ६३ ते ६७ मध्ये राहिलं तर तुमचं नशीब, नाहीतर गोधडीच बरी.

पाणी किती गरम: हिशेब

धान्याला तापायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण ४१ टक्के उष्णता लागते. म्हणून हिशेब असा: हव्या तापमानातून धान्याचं तापमान वजा करा. आलेल्या आकड्याला ०.४१ ने गुणा. एका किलोला किती लिटर पाणी, त्या आकड्याने भागा. जे येईल ते हव्या तापमानात मिळवा. तेवढं पाणी गरम हवं.

जानेवारीत धान्य १६ अंश: ६६ वजा १६ म्हणजे ५०. गुणिले ०.४१ म्हणजे २०.५. भागिले ३ म्हणजे ६.८. पाणी ७३ अंश.

मेमध्ये धान्य ३८ अंश: ६६ वजा ३८ म्हणजे २८. गुणिले ०.४१ म्हणजे ११.५. भागिले ३ म्हणजे ३.८. पाणी ७० अंश.

धान्याचं तापमान अंदाजाने धरू नका, डब्यात मधोमध काडी खुपसून बघा. पाण्याचं प्रमाण किलोला तीन लिटर ठेवा. अडीच लिटरवर मॅश घट्ट होतो आणि नवख्या हाताला ढवळताना कोपरे सुटतात.

या हिशेबात भांडं धरलेलं नाही, आणि थंड स्टील दोन-तीन अंश सहज गिळतं. यावर माझ्या भाच्याचा उपाय मला सगळ्यात पटला. पाणी ८० पर्यंत तापवून हॉटकेसमध्ये ओता, झाकण लावा, दहा मिनिटं थांबा. भांड्याला जेवढी उष्णता घ्यायची तेवढी ते घेऊन मोकळं होतं. मग झाकण उघडून पाणी तुमच्या हिशेबाच्या आकड्यावर येईपर्यंत ढवळत राहा आणि तो आकडा दिसताच धान्य घाला. भांड्याचा प्रश्नच मिटतो.

नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर तेच वापरा, तीन लिटरला अर्धा चमचा लिंबाचा रस घालून. एन्झाइमना किंचित आंबट पाणी आवडतं. बोअरिंगचं खारं पाणी टाळा.

धान्य घालताना

एका हाताने भरड भुरभुरवत घाला, दुसऱ्या हाताने लाकडी उलथन्याने ढवळा. पिठलं करतो तसं. गुठळी राहिली की तिच्या आत पाणी जात नाही, आत कोरडं पीठ तसंच राहतं. दोन मिनिटांत सगळं एकजीव व्हायला हवं.

झाकण लावून पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा एकदा तळापासून ढवळून तीन ठिकाणी मोजा: मधोमध, कडेला, तळाशी. तिन्ही आकडे एका अंशाच्या आत असतील तर तो तुमचा खरा आकडा. नसतील तर अजून ढवळा. न ढवळता मोजलेला आकडा म्हणजे काडीच्या टोकाशी असलेल्या दोन चमच्यांचं तापमान. मी पहिल्या वेळी मॅश पातेल्यात मंद आचेवर ठेवला होता आणि वरवर मोजत होते. वर ६४ दिसत होतं आणि तळ करपत होता. व्हिडिओ कॉलवर भाच्याने ते पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "मावशी, आधी गॅस बंद कर." त्या दिवसापासून मॅश आणि गॅस मी एकत्र आणलेले नाहीत.

आकडा चुकला तर

एक किलो माल्ट आणि तीन लिटर पाण्यासाठी हे दोन आकडे पाठ करा. एक अंश वाढवायला साधारण १०० मिली उकळतं पाणी. एक अंश उतरवायला साधारण ८० मिली साधं, २५ अंशांचं पाणी. म्हणजे ६२ वर बसलं असेल तर ६६ ला न्यायला ४०० मिलीच्या जरा वर उकळतं पाणी. एकदम ओतू नका, धार धरून ढवळत ओता. जिथे धार पडते तिथले एन्झाइम पोळतात.

कमी झालं तर घाबरू नका, जास्त झालं तर मात्र थांबू नका. ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची भावना आहे. ५९-६० वर मॅश राहिला तर एन्झाइम नुसते सुस्त असतात, ऊब दिली की कामाला लागतात. ७२ वर गेला तर बीटा-अमायलेज मिनिटामिनिटाला कमी होत जातं आणि परत येत नाही. म्हणून ६६ साधताना चुकायचंच असेल तर खालच्या बाजूला चुका. साधं पाणी आणि उकळतं पाणी दोन्ही हाताशी तयार ठेवूनच धान्य घाला.

७८-८० पर्यंत गेला असेल तरीही सगळं संपलं नाही. साधं पाणी घालून ६५ वर आणा आणि बाजूला राखून ठेवलेली मूठ-दोन मुठी कोरडी माल्टची भरड त्यात ढवळा. नवे एन्झाइम येतात आणि काम पुढे सुरू होतं. यासाठी मी नेहमी १०० ग्रॅम भरड वेगळी ठेवते.

दुसरा उपाय फार जुना आहे आणि मला त्याबद्दल आदर वाटतो. मॅशमधला एक तृतीयांश घट्ट भाग वेगळ्या पातेल्यात काढायचा, ढवळत उकळायचा आणि परत उरलेल्यात मिसळायचा. सगळ्या मॅशचं तापमान एक पायरी वर चढतं. जर्मनी आणि बोहेमियातले (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) बिअर करणारे थर्मामीटर हाती नसताना असं ठरावीक वाटा उकळून नेमकं तापमान गाठत. वाटा काढताना घट्ट भाग घ्यायचा, कारण एन्झाइम पातळात उतरलेले असतात, ते उकळून मारायचे नाहीत. पहिल्याच वेळी याच्या वाट्याला जाऊ नका, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी करून बघा. रंग आणि खमंगपणा वेगळाच येतो.

नंतर झाकण उघडू नका

पहिल्या दहा मिनिटांत आकडा बसवा, मग ४५ मिनिटं झाकणाला हात लावू नका. दर पाच मिनिटांनी उघडून बघणाराच तापमान घालवतो. बघायचंच असेल तर वायर असलेल्या डिजिटल थर्मामीटरची काडी झाकणाच्या फटीतून आत ठेवून वायर बाहेर काढा, फटीला ओला फडका गुंडाळा. झाकणाखाली मॅशच्या पृष्ठभागावर एक स्वच्छ स्टीलची ताटली अलगद तरंगत ठेवली तरी वाफेवाटे जाणारी उष्णता बरीच अडते.

४५ मिनिटांनी उघडा, ढवळा, मोजा. ६४ च्या वर असेल तर तसंच झाका. खाली गेलं असेल तर उकळत्या पाण्याचा हिशेब. एकूण ९० मिनिटं द्या. बाजारच्या माल्टला तास पुरतो, घरच्याचे एन्झाइम जरा कमी असतात.

झालं का, ते आयोडीनला विचारा. पांढऱ्या बशीत वरचं पातळ पाणी चमचाभर घ्या, निवू द्या, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं. आयोडीनचा स्वतःचा पिवळट तपकिरी रंगच राहिला तर काम झालं. बशीतलं लगेच फेकून द्या, ते पोटात जायला नको. साल आणि भरडीचे कण थेंबात येऊ देऊ नका, ते नेहमीच काळे पडतात.

प्रत्येक वेळी वहीत लिहा: धान्य किती अंश, पाणी किती, पहिला आकडा, ४५ व्या मिनिटाचा, शेवटचा. तीन वेळांनंतर तुमचं भांडं तासाला किती अंश सोडतं ते तुम्हाला कळतं. माझा हॉटकेस हिवाळ्यात तासाला दीड अंश सोडतो, म्हणून मी जानेवारीत ६७ वर सुरुवात करते.

गाळून आटवणं

मोठ्या चाळणीत पंचा घालून मॅश ओता. पिळू नका, पिळलं की पीठ खाली येतं. पहिला वाटीभर गढूळ भाग पुन्हा वरून ओता, सालींचा थर बसला की पाणी नितळ येऊ लागतं. मग दीड लिटर ७५ अंशांचं पाणी हळूहळू वरून घालून उरलेली गोडी धुऊन घ्या. उकळतं पाणी घातलं तर सालीतला तुरटपणा उतरतो.

हे गोड पाणी तसंच ठेवू नका, इंदूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबायला लागेल. लगेच जाड बुडाच्या कढईत आटवायला ठेवा. आता गॅस हवा तेवढा मोठा करा. सुरुवातीला फेस एकदम वर येतो, तेव्हा समोरून हलू नका. शेवटी आच मंद करा. थंड बशीवर टाकलेला थेंब पसरला नाही की बंद करा, गार झाल्यावर ती आणखी दाट होते. एक किलो माल्टची साधारण अर्धा किलो काकवी होते. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. यात ग्लूटेन असतं, कोणाला देताना सांगून द्या.

उरलेला चोथा दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून त्याच दिवशी वापरा. थालीपिठाच्या पिठात एक वाटी मळला तर चांगला लागतो, बाकीचा गायीला घाला.